वाळलेलं लाकूड आणि रुळलेलं लाकूड

साकीनाक्याच्या गाळ्यात मी एक जुनं गोल करवतीचं मशीन आणलं. मोटर ठणठणीत होती, ओतीव लोखंडाचं टेबलही सरळ होतं. फक्त पात्याभोवतीची फळी हरवलेली. टेबलातल्या खाचेत बसते आणि जिच्या फटीतून पातं वर येतं, ती. खाच ९० मि.मी. रुंद, ३५० मि.मी. लांब. फेब्रुवारीत वखारीतून भट्टीत वाळवलेल्या सागाचा तुकडा आणला आणि त्याची फळी खाचेत अगदी चपखल बसवली. जुलैत ती अशी आवळली की खालून ठोकून काढावी लागली. मधोमध फुगून ती टेबलाच्या वरही आली होती, आणि हे जास्त गंभीर. पुढे सरकवताना लाकूड अशा उंचवट्याला अडलं की हात झटक्यात पात्याकडे जाऊ शकतो.

वखारवाल्याने ‘एकदम सुकं’ असं सांगितलं होतं, ते खरंच होतं. लाकूड वाळलेलं होतं, पण रुळलेलं नव्हतं. सुतारकामात हे दोन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो, आणि मशीनचा भाग करताना नेमकं तिथेच चुकतं.

वाळलेलं म्हणजे आतलं पाणी गेलेलं. ओलावा टक्क्यांत सांगतात: आतल्या पाण्याचं वजन भागिले पूर्ण कोरड्या लाकडाचं वजन. साधारण ३० टक्क्यांच्या वर लाकूड आकाराने बदलत नाही, त्याखाली आलं की आकसू लागतं. भट्टीतून ते ८ ते १२ टक्क्यांवर येतं. पण तिथे थांबत नाही. लाकूड आयुष्यभर भोवतीच्या हवेशी पाण्याची देवघेव करत राहतं. हवेची आर्द्रता ६५ टक्के असेल तर ते १२ टक्क्यांच्या आसपास स्थिरावतं, ८० असेल तर १६ च्या. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईची हवा ८० च्या वरच असते.

रुळलेलं म्हणजे जिथे मशीन चालणार त्याच जागेच्या हवेशी ही देवघेव बरोबरीला आलेलं. म्हणून वाळलेपणा ओलावा मोजणाऱ्या मीटरच्या एका आकड्यात कळतो, रुळलेपणा एका आकड्यात कळत नाही. तुकड्याचं वजन करा, त्याच्यावरच पेन्सिलीने लिहा, तीन-चार दिवसांनी पुन्हा करा. ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा पुरतो. वजन सरकायचं थांबलं की तो रुळला. तोवर तो भिंतीला टेकवून किंवा जमिनीवर आडवा ठेवू नका. खाली दोन चिपा द्या, म्हणजे दोन्ही अंगांना सारखी हवा लागेल. एक अंग झाकलं गेलं की फळी वाकते.

फरक किती पडतो? साग पूर्ण ओल्यापासून पूर्ण कोरड्यापर्यंत खोडातल्या वाढीच्या वलयांच्या दिशेने सुमारे ५ टक्के आकसतो, वलयांना काटकोनात त्याच्या निम्मा, आणि लांबीत जवळजवळ नाहीच. माझी फळी ९ वरून १६ टक्क्यांवर गेली असं धरलं, तर ९० मि.मी. रुंदीत १ मि.मी.हून थोडी जास्त वाढ होते. चपखल बसलेल्या भागाला तेवढी पुष्कळ झाली. त्यात माझ्या तुकड्याची वलयं पृष्ठभागाला समांतर होती, म्हणजे मी जास्त फुगणारीच दिशा निवडली होती. आता मी तुकड्याचं डोकं, म्हणजे आडवं कापलेलं टोक, आधी बघतो. तिथे वलयांच्या रेषा उभ्या दिसल्या, तरच तो मशीनसाठी घेतो.

प्लायवूड फार कमी हलतं, हे कबूल. पण माझ्या फळीची पातळी कडेतल्या चार स्क्रूंनी जुळवायची असते, आणि प्लायच्या थरांत कडेने स्क्रू धरत नाही. जुन्या चाळींचं उतरवलेलं सागवान मला आवडतं, कारण कित्येक पावसाळे त्याने याच हवेत काढलेले असतात. मात्र तेही चिरल्यावर काही दिवस ठेवावं लागतं. आतला ताण मोकळा होतो, फळी थोडी वळते. आणि चिरण्याआधी लोहचुंबक फिरवून खिळे शोधायचेच.

रुळलेलं लाकूड हलणार नाही, असं मात्र समजू नका. ते ऋतूबरोबर हलतंच. फक्त ते आज चक्राच्या कोणत्या टोकाला आहे हे तुम्हाला माहीत असतं, म्हणून किती जागा सोडायची तेही ठरवता येतं. फेब्रुवारीत फळी करत असाल तर फट सोडा. ऐन पावसाळ्यात रुळलेल्या लाकडाची करत असाल तर जवळजवळ अंगाबरोबर बसवा, पुढे ती आकसणारच आहे. पॉलिश ओलावा थांबवत नाही, फक्त त्याचा वेग कमी करतं. तेही सहाही अंगांना द्यावं लागतं. नुसतं वरून दिलं तर खालचं अंग आधी फुगतं.

दुसरी फळी मी मापापेक्षा ३ मि.मी. जास्त जाड ठेवून कापली आणि मशीनशेजारीच ठेवली. तीन आठवड्यांनी वजन थांबलं. मग दोन्ही अंगांनी सारखा रंधा मारून ती मापावर आणली आणि रुंदीत मिळून १ मि.मी. जागा सोडली. यंदा जुलैत त्या फटीत पोस्टकार्ड जेमतेम शिरत होतं, आणि फळी दोन बोटांनी उचलता येत होती.