विज्ञानकथा की फँटसी? स्पर्धेला कथा पाठवण्याआधी

यान, रोबो, परग्रह दिसले की विज्ञानकथा आणि राक्षस, राजकन्या, मंतरलेली अंगठी दिसली की फँटसी, अशी ढोबळ वाटणी आपण लहानपणापासून करत आलो आहोत. स्पर्धेसाठी लिहायला बसलं की ही वाटणी दगा देते. यानातला नायक नुसत्या इच्छाशक्तीनं मेलेल्यांना उठवू लागला, तर यान असूनही ती विज्ञानकथा राहत नाही.

मला विचाराल तर बघायचं एवढंच, की ‘हे असं का घडलं?’ याचं उत्तर कुठून येतं. विज्ञानकथेत ते कथेबाहेरच्या निसर्गनियमांतून येतं. लेखक ते नियम ताणू शकतो, धाब्यावर बसवू शकत नाही. फँटसीत नियम लेखकच घालतो.

1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली आली. लेखकाचं नाव होतं नारायण विनायक जगताप. हे खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णू नारळीकर. आद्याक्षरं उलटी फिरवून त्यांनी हे नाव घेतलं होतं आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंच्या हस्ताक्षरात पाठवली होती. नावाचं वजन बाजूला ठेवून कथा जिंकली, याचं मला फार अप्रूप वाटतं. प्रचंड गुरुत्वाकर्षणाजवळ काळ संथ होतो, हा तिचा आधार आइनस्टाइनच्या 1915च्या सिद्धांतातला आहे. जीपीएसच्या उपग्रहांवरची घड्याळं गुरुत्वाकर्षण आणि वेग यांच्या एकत्रित परिणामामुळे आपल्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे 38 मायक्रोसेकंद पुढे जातात आणि ती दुरुस्ती धरावीच लागते.

आता हीच कल्पना गावातल्या जुन्या बारवेत आणून बघू. मुलगा चेंडू आणायला चार पायऱ्या उतरतो. त्याच्या लेखी दोन मिनिटं जातात, वर चार वर्षं. विज्ञानकथा लिहायची तर बारवेत काळ एवढा संथ करणारं वस्तुमान आलं कुठून, हे सांगावं लागेल. तेवढं वस्तुमान तिथं असेल तर मुलगा, बारव, गाव काहीच शिल्लक राहणार नाही. म्हणजे बारव सोडा आणि कथा अवकाशात न्या.

फँटसीत वस्तुमानाचा हिशोब नको, पण दुसरा हिशोब चुकत नाही. एक पायरी उतरलं की वर एक वर्ष सरतं, हा नियम ठरला. मुलगा चौथ्या पायरीवर दिसतोय. काठावरून आई हाका मारतेय, पण खाली पोचेपर्यंत हाक इतकी आखडते की त्याला ती हाक वाटतच नाही. खाली उतरून त्याला घेऊन यावं, तर घरी पाळण्यातली लेक तोवर चार वर्षांची होईल, आईवाचून. इथं कथा उभी राहते. आणि शेवटच्या पानावर कुणा साधूनं अंगारा टाकून सगळं पूर्ववत केलं, तर तिथंच कोसळते, कारण नियमाची किंमत कुणीच मोजली नाही.

‘फँटसीत काहीही चालतं’ हा समज मला म्हणूनच घातक वाटतो. श्रावणातल्या कहाण्या आठवा. उतू नको, मातू नको, घेतला वसा टाकू नको. वसा टाकला की वैभव जातं, पुन्हा घेतला की परत येतं. देव स्वतः कथेत असले तरी सूट कुणालाच नाही.

इंग्रजीतल्या ह्यूगो आणि नेब्युला पुरस्कारांत दोन्ही प्रकार एकत्र विचारात घेतले जातात. 7,500 शब्दांपर्यंतची कथा तिथं लघुकथा धरतात. मराठीत मात्र स्पर्धेची जाहिरात नीट वाचा. ‘विज्ञानकथा’ असं लिहिलं असेल, तर बारवेची कथा तिथं पाठवू नका. दोन ठिकाणी ‘क्वांटम’ शब्द पेरून ती विज्ञानकथा होणार नाही, उलट आईची घालमेल पातळ होईल. तिच्यासाठी अद्भुतकथेची किंवा विषयाचं बंधन नसलेली स्पर्धा शोधा. तोवर ती फेसबुकवर टाकू नका, कारण बहुतेक ठिकाणी कथा अप्रकाशित असण्याची अट असते आणि समाजमाध्यमावर आलेली कथा अनेक आयोजक प्रकाशितच धरतात.