शॉर्टसर्किट की ओव्हरलोड?

शहरात कुठे घर जळालं की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत एक वाक्य ठरलेलं: 'शॉर्टसर्किटमुळे आग लागल्याचा प्राथमिक अंदाज.' मला या वाक्याचा वैताग येतो. आग कशानेही लागो, तिच्या झळीने वायरीवरचं प्लास्टिक वितळतं, आतल्या तांब्याच्या तारा एकमेकींना टेकतात आणि शॉर्टसर्किट होतं. म्हणजे कित्येकदा ते आगीचं कारण नसून परिणाम असतो.

फेज (वीज आणणारी तार) आणि न्यूट्रल (परत नेणारी तार) थेट भिडले की शॉर्टसर्किट. मध्ये अडवायला काहीच नसल्याने शेकडो अँपियर करंट धावतो. फट्ट आवाज, ठिणगी, अंधार. एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) धड असेल तर डोळ्याचं पातं लवायच्या आत खाली पडतो. जवळ पडदा किंवा गळता गॅस असला तर ती ठिणगीही पुरते, पण एरवी खेळ क्षणाचा.

ओव्हरलोड म्हणजे वायरीला झेपेल त्याहून जास्त करंट वाहत राहणं. त्याला आवाज नसतो. घरात सगळं मजेत चालू असतं. 2000 वॅटचा गीझर 230 व्होल्टवर जवळजवळ 9 अँपियर ओढतो, दीड टनाचा एसी साधारण 7-8, हजार वॅटची इस्त्री 4 च्या वर. जुन्या घरात ही तिन्ही एकाच दीड एमएमच्या (दीड चौरस मिलिमीटर छेदाच्या) वायरीवर आली की झाले 21. उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. करंट दीडपट झाला तर उष्णता सव्वादोनपट. आणि घरातल्या साध्या पीव्हीसी वायरीचं आवरण 70 अंशांपर्यंतच्याच तापमानासाठी बनवलेलं असतं.

इथे एमसीबी मुद्दामच सावकाश वागतो, कारण मोटर सुरू होताना क्षणभर जास्त करंट घेते आणि तेवढ्याने घर अंधारात जायला नको. त्यातली धातूची पट्टी तापून वाकली की तो पडतो. मानकानुसार 16 अँपियरचा एमसीबी 18 अँपियर तासभर मुकाट सोसतो. साधारण 23 ला मात्र तासाभरात पडायलाच हवा. आपले 21 नेमके या दोहोंच्या मध्ये!

मग तो अधूनमधून पडू लागतो, घरचे कंटाळतात, वायरमन 'मोठा टाकतो' म्हणत 32 चा बसवतो. वायर तीच. जुन्या चाळीत हेच काम किटकॅट फ्यूजमध्ये (चिनीमातीच्या जुन्या फ्यूजमध्ये) तार दुहेरी पिळून होतं. घर तपासताना मी आधी हे बघेन: एमसीबीवरचा आकडा आणि त्याखालची वायर.

बटण दाबताक्षणी एमसीबी पडला तर बहुधा शॉर्ट. वीस मिनिटांनी, गीझर-एसी सोबत चालू असताना पडला तर लोड.

सैल स्क्रू मात्र या दोन्हींत बसत नाही. करंट नेहमीचाच, पण सैल जोडावर तेवढीच जागा तापत राहते आणि एमसीबीला त्याचा पत्ता नसतो. तिथे प्लगची पिन तपकिरी पडते, सॉकेटला जळका वास येतो.