सहा नळ्यांची भूक आणि नागपूरचा दारूगोळा

नागपूरकराचं पाणी म्हणजे अंबाझरी, फुटाळा, फार तर पेंच. मुंबईचा समुद्र इथून रेल्वेनं आठशे किलोमीटरच्या वर. तरी 2022 साली नौदलाचे तेव्हाचे उपप्रमुख व्हाइस ॲडमिरल घोरमडे यांनी 30 मिलिमीटर काडतुसांची जी पहिली खेप स्वीकारली, ती नागपूरच्या इकॉनॉमिक एक्स्प्लोझिव्हजची होती. देशातल्या खासगी कारखान्यानं नौदलासाठी असं काडतूस संपूर्णपणे बनवण्याची ही पहिलीच वेळ.

ज्या तोफेसाठी ते बनलं, ती एके-630. मूळची सोव्हिएत. एका नळकांड्यात सहा नळ्या, मिनिटाला चार ते पाच हजार फैरी. गोळा पावणेचारशे-चारशे ग्रॅमचा, म्हणजे अडीच-तीन संत्र्यांचं वजन. सोबत दोन हजार काडतुसं असतात आणि सलग मारा केला तर अर्ध्या मिनिटात खडखडाट! इतकी खादाड तोफ जहाजावर आली कशी?

मोठ्या जहाजाची झोप नेहमी लहान शत्रूनं उडवली आहे. 1870च्या दशकात चिमुकल्या टॉर्पेडो बोटी आल्या आणि अवजड तोफांना त्यांच्यावर नेम धरता येईना. मग हॉचकिसची हातानं फिरवायची बहुनळी तोफ जहाजांवर चढली. सहा नळ्यांची कल्पना मात्र त्याआधीची, गॅटलिंगच्या 1862च्या पेटंटमधली. पुढे 1884च्या सुमारास मॅक्सिमनं गोळीच्या धक्क्यालाच कामाला लावलं: मागे येणारी नळीच रिकामं काडतूस फेकते आणि नवं भरते. स्वयंचलित तोफेची खरी करामत गोळा उडवण्यात नाही, पुढचा गोळा वेळेत भरण्यात आहे.

दुसऱ्या महायुद्धात शत्रू आकाशातून आला. जपानच्या यामातो जहाजावर 46 सेंटिमीटरच्या तोफा होत्या, पण एप्रिल 1945 मध्ये तिला विमानांनीच बुडवलं. त्याच सुमारास अमेरिकन जहाजांवर आत्मघातकी वैमानिक कोसळत होते. 40 मिलिमीटरची बोफोर्स तोफ विमानाला भोकं पाडायची, पण जहाजाच्या रोखानं निघालेलं विमान भोकं पडली म्हणून वाट बदलत नाही. लक्ष्याजवळ पोचताच आपोआप फुटणारा रेडिओ फ्यूज तेव्हा हाताशी होता, पण तो मावेल असा सर्वांत लहान गोळा तीन इंची. म्हणून तीन इंची तोफेला स्वयंचलित भरणी जोडली गेली. ती तयार होईतो युद्ध संपलं.

तीन इंच म्हणजे 76 मिलिमीटर. ते माप टिकलं. इटलीच्या ओटो मेलारानं 1960च्या दशकात 76 मिलिमीटरची ‘कॉम्पॅक्ट’ काढली: मिनिटाला 85 गोळे, मनोऱ्यात माणूस नाही. पुढची ‘सुपर रॅपिड’ 120 वर गेली. ती आपल्याकडे भेलच्या हरिद्वार कारखान्यात परवान्यावर बनते.

दरम्यान तोफेचं बारावं घालायची घाई अनेकांनी केली. ऑक्टोबर 1967 मध्ये इजिप्तच्या छोट्या बोटींनी इस्रायलची आयलात विनाशिका क्षेपणास्त्रांनी बुडवली. डिसेंबर 1971 मध्ये आपल्या बोटींनी कराचीजवळ त्याच जातीची क्षेपणास्त्रं डागली. ब्रिटिशांनी तर टाइप 22 फ्रिगेट्स मुख्य तोफेशिवायच बांधायला घेतल्या. 1982 मध्ये अर्जेंटिनाशी झालेल्या फॉकलंडच्या युद्धात किनाऱ्यावर मारा करायला तोफाच लागल्या, तेव्हा शेवटच्या तुकडीच्या जहाजांवर निमूटपणे 4.5 इंची तोफ बसवली.

क्षेपणास्त्राला अडवायलाही तोफच उभी राहिली. सेकंदाला 300 मीटर वेगानं लाटांवरून येणाऱ्याला शेवटचे चार किलोमीटर तोडायला तेरा सेकंद लागतात. माणूस बघणार, ठरवणार, नेम धरणार कधी? म्हणून रडार आणि संगणकाच्या हाती कारभार देऊन गोळ्यांची भिंत उभारायची. एके-630 त्यासाठीच. अमेरिकेची तशीच तोफ, फॅलँक्स, 1980 मध्ये जहाजावर आली.

आता पाळी ड्रोनची. मार्च 2024 मध्ये तांबड्या समुद्रात इटलीच्या काइओ दुइलिओ या युद्धनौकेनं ड्रोन पाडलं ते 76 मिलिमीटरच्या तोफेनं. उलट अमेरिकेनं झुमवॉल्ट जहाजांच्या तोफेसाठी काढलेला गोळा एकेक आठ लाख डॉलरच्या घरात गेला आणि खरेदीच सोडून द्यावी लागली. स्वस्त गोळा नसेल तर तोफ ही फक्त महागडी नळी, असं माझं मत. म्हणून मला तोफेपेक्षा दारूगोळ्याचा कारखाना महत्त्वाचा वाटतो. वाडीकडे ज्याला आपण नुसतं ‘डिफेन्स’ म्हणतो, तो अंबाझरीचा आयुध कारखाना 1966 पासून गोळ्यांची कवचं घडवतो आहे.

नोव्हेंबर 2023 मध्ये संरक्षण मंत्रालयानं भेलकडून 16 सुधारित सुपर रॅपिड तोफा घ्यायचा करार केला, सुमारे 2,957 कोटींचा. अशा तोफेच्या पोटात तयार गोळे ऐंशीच्या आसपास. पूर्ण वेगानं मारा केला तर चाळीसेक सेकंदांत संपतात. मग डेकखाली उभी असलेली माणसं बारा-बारा किलोचा एकेक गोळा उचलून फिरत्या चक्रात हातानं भरतात.