वितरणांचे शिक्षण : विदर्भातील गावच्या आकड्यांतून

एखाद्या गोष्टीची मोजणी पुष्कळ वेळा केली, की कोणते मूल्य किती वेळा आले याचा एक आकार तयार होतो. संख्याशास्त्रात त्याला वितरण म्हणतात. दहावीच्या मुलांना वारंवारता सारणी, आयतालेख, मध्य, मध्यक, बहुलक हे शब्द पाठ असतात आणि पुढच्या वर्गांत द्विपद, प्वासाँ, प्रसामान्य ही वितरणे सूत्रांच्या रूपात भेटतात. मधली पायरी मात्र राहून जाते. ती म्हणजे आकडे आपल्या हाताने गोळा करणे, त्यांचा आकार डोळ्यांनी पाहणे आणि तो तसाच का आला हे शोधणे. विदर्भातल्या खेड्यात ही पायरी शहरापेक्षा सोपी आहे, कारण आकडा जिथे उपजतो ते वावर, अंगणवाडीचा काटा किंवा तलाठ्याचे दप्तर पायी जाण्याच्या अंतरावर असते.

ठरावीक वेळा केलेल्या, होय किंवा नाही असे दोनच निकाल असणाऱ्या प्रयोगात ‘होय’ किती वेळा येते, त्याचा आकार म्हणजे द्विपद वितरण. त्यासाठी नाणेफेकीपेक्षा चांगला धडा मृगाच्या आधी घरोघरी होतो. घरचे सोयाबीन पेरायचे असेल तर उगवणशक्ती तपासावी लागते. पोत्यांत वरून, मधून, तळातून मूठमूठ दाणे काढायचे आणि चांगले-वाईट न निवडता १०० मोजायचे. गोणपाटाचा तुकडा भिजवून त्यावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडायच्या, वर दुसरा ओला तुकडा टाकून गुंडाळी करायची आणि ती सावलीत ठेवून रोज पाणी शिंपडायचे. सहा-सात दिवसांनी गुंडाळी उलगडली की कुठे पांढरा मोड फुटलेला दिसतो, कुठे दाणा नुसता फुगून फुटलेला, कुठे बुरशीने काळा पडलेला. सुदृढ कोंब तेवढेच मोजतात. प्रमाणित सोयाबीन बियाण्यासाठी किमान ७० टक्के उगवण ठरलेली आहे.

त्या गुंडाळीत दहा ओळी म्हणजे दहा छोटे प्रयोग असतात. उगवण नेमकी ७० टक्के असली, तरी प्रत्येक ओळीत सातच कोंब निघत नाहीत. दहापैकी बरोबर सात उगवण्याची संभाव्यता सुमारे ०.२७ आहे. सहा, सात किंवा आठ यांपैकी काहीही येण्याची सुमारे ०.७०. वर्गातल्या ३० मुलांनी आपापल्या घरी ही चाचणी केली आणि सगळ्यांचे बियाणे ७० टक्क्यांचे धरले, तर मिळून ३०० ओळी होतात. त्यांत आठ-नऊ ओळी पूर्ण उगवलेल्या असाव्यात आणि चौदाएक ओळींत चार किंवा त्याहून कमी कोंब असावेत. फळ्यावर या ३०० ओळींचा आयतालेख काढला, की द्विपद वितरण समोर उभे राहते. सूत्र त्यानंतर सांगितले तरी चालते. किंबहुना ते नंतरच सांगावे.

याच चाचणीतून प्रमाण विचलनही, म्हणजे आकडे मध्याभोवती किती पसरतात याचे माप, कळते. १०० दाण्यांत ७० टक्के उगवणीचे प्रमाण विचलन सुमारे ४.६ येते, म्हणजे खऱ्या ७० टक्क्यांच्या बियाण्यातही त्याच्या दुपटीपर्यंत इकडेतिकडे, ६१ ते ७९ कोंब निघणे स्वाभाविक आहे. कुणाला ६६ मिळाले म्हणून बियाणे लगेच नापास ठरवू नये. आणखी दोनशे दाणे लावून पाहावेत. दुबार पेरणीचा खर्च ज्याने सोसला आहे त्याला हा हिशेब अवघड वाटत नाही.

प्रत्यक्षात मुलांच्या आकड्यांचा पसारा सूत्रापेक्षा मोठा निघतो आणि खरे शिकणे तिथे सुरू होते. सोयाबीनच्या दाण्याचे टरफल पातळ असते. थ्रेशर जास्त फेऱ्यांवर चालला, कट्टे आदळले किंवा थप्पीवर थप्पी रचली, की ते तडकते. एका घरची उगवण ८५ टक्के, दुसऱ्याची ५५, असे झाले की सगळ्या दाण्यांची संभाव्यता एकच राहत नाही आणि द्विपदाचे गृहीतक मोडते. कपाशीतही तसेच आहे. एका फुलीवर, म्हणजे लागवडीच्या खुणेवर, सरकीचे दोन दाणे टोबले आणि उगवण ८० टक्के असली, तर दोन्ही दाणे वाया जाण्याची संभाव्यता ०.२ गुणिले ०.२, म्हणजे १०० फुल्यांत चार रिकाम्या. पण खोलगट जागी पाणी साचले की शेजारशेजारचे दाणे एकदमच कुजतात. नांग्या भरायला, म्हणजे रिकाम्या जागी पुन्हा बी लावायला, गेलेल्या बाईला रिकाम्या फुल्या सलग सापडतात, विखुरलेल्या नाहीत. स्वतंत्र घटना म्हणजे काय आणि काय नव्हे, हे तिथे पिकाच्या ओळीतच दिसते.

जमिनीचे वितरण अगदी वेगळ्या घडणीचे आहे. २०१५-१६ च्या कृषिगणनेत महाराष्ट्रातील सरासरी धारणक्षेत्र १.३४ हेक्टर होते. गावातल्या आठ-अ उताऱ्यांचा, म्हणजे प्रत्येक खात्यावरची एकूण जमीन दाखवणाऱ्या नोंदींचा, आयतालेख काढला तर डावीकडे लहान खात्यांची दाटी आणि उजवीकडे लांब शेपूट दिसते. समजा, दहा खातेदारांपैकी नऊ जणांकडे दोन-दोन एकर आणि एकाकडे ३२ एकर आहे. मध्य येतो पाच एकर आणि पाच एकर एकाकडेही नाही. मध्यक येतो दोन एकर. अशा विषम वितरणात मध्य सांगून थांबणे हा नऊ जणांवर अन्याय आहे, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. हा आकार येतो त्याचे एक कारण खातेफोडीत सापडते. वाटणीत जमीन वजा होत नाही, ती भागली जाते. भागाकार-गुणाकाराने घडणाऱ्या राशींचे लघुगणक घेतले तर त्यांचा आकार बराचसा घंटेसारखा, म्हणजे प्रसामान्य वितरणासारखा, होतो, म्हणून अशा आकड्यांना लॉगप्रसामान्य वितरण लावून पाहतात. मोठ्या खात्यांच्या शेपटीसाठी इटालियन अर्थतज्ज्ञ विल्फ्रेदो पारेतो यांच्या नावाचे वितरण वापरतात.

पावसाचा आकडा सकाळी साडेआठला वाचतात. २४ तासांत २.५ मि.मी. किंवा अधिक पडला तर तो पावसाचा दिवस. रोजच्या नोंदी मांडल्या तर शून्याचा उंच खांब, मग किरकोळ सरींचे बुटके खांब आणि फार दूर झडीचे एखाद-दोन दिवस दिसतात. शून्ये बाजूला ठेवून उरलेल्यांना सहसा गॅमा हे उजवीकडे शेपूट असलेले वितरण लावतात. आणखी एक पथ्य पाळावे. विदर्भात पाऊस पश्चिमेकडून पूर्वेकडे वाढत जातो, त्यामुळे बुलढाणा आणि गडचिरोलीच्या वार्षिक नोंदी एकाच आयतालेखात घातल्या तर दोन उंचवटे येऊ शकतात आणि त्या आकाराला काही अर्थ उरत नाही.

क्वचित घडणाऱ्या घटनांच्या मोजणीला प्वासाँ वितरण लागू पडते. फ्रेंच गणिती सिमेओं-देनी प्वासाँ यांनी ते १८३७ मध्ये मांडले. १८९८ मध्ये संख्याशास्त्रज्ञ लादिस्लाउस बोर्टकीव्हिच यांनी घोड्याच्या लाथेने मेलेल्या प्रशियन सैनिकांच्या नोंदी त्यात चपखल बसतात हे दाखवले. एका सैन्यदलाचे एक वर्ष म्हणजे एक नोंद, अशा २०० नोंदींत १२२ मृत्यू होते आणि १०९ नोंदी शून्याच्या होत्या. आपल्याकडे कपाशीत गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे सापळे, लावतात. सलग तीन रात्री, दर रात्री सापळ्यामागे आठ पतंग सापडले तर फवारणीचा विचार करतात. सरासरी आठ असेल तर प्वासाँनुसार एका रात्रीचे प्रमाण विचलन २.८ येते, तेव्हा एकाच रात्रीचे दहा किंवा सहा पतंग फार काही सांगत नाहीत. प्वासाँत प्रसरण, म्हणजे प्रमाण विचलनाचा वर्ग, मध्याइतकेच असते. बोंडे फोडून अळ्या मोजल्या तर मात्र ते मध्यापेक्षा मोठे निघते, कारण कीड वावरभर सारखी न पसरता टापूटापूने असते. तिथे ऋण द्विपद वितरण वापरतात.

प्रसामान्य वितरण अंगणवाडीच्या भिंतीवर वाढीच्या रंगीत तक्त्याच्या रूपात टांगलेले असते. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेली वाढीची मानके दिल्लीसह सहा देशांतल्या शहरांतील निरोगी बालकांच्या मापांवरून केली आहेत. वयानुसार वजन मध्यकापासून उणे दोन प्रमाण विचलनांच्या खाली गेले तर मूल कमी वजनाचे, उणे तीनच्या खाली तर तीव्र कमी वजनाचे. वजनांचा आकार थोडा कललेला असल्याने तो आधी गणिताने सरळ करून घेतलेला असतो. काट्याच्या झोळीत बसवलेले पोर पाय झाडत असते, काटा हलत असतो आणि ताई तो स्थिर व्हायची वाट पाहत असतात. त्या एका नोंदीमागे हे सारे शास्त्र आहे. मानकाप्रमाणे ४० निरोगी मुलांत उणे दोनच्या खाली एखादेच मूल असावे. सगळ्या मुलांची वजने एका प्रमाण विचलनाने खाली सरकली, तर अशी मुले सहाच्या घरात जातात. म्हणजे लाल-पिवळ्या पट्ट्यात मुले वाढली तर हिरव्या पट्ट्यातलीही आपल्या जागेवर नसण्याची शक्यता असते. आहार फक्त त्या सहांपुरता मोजून चालत नाही. विद्यार्थ्यांना वितरणाचा हा एकच गुण शिकवायला वेळ असेल, तर हा शिकवावा.

शेताचा ठरावीक तुकडा कापून पिकाच्या उत्पन्नाचा अंदाज घेणारे पीक कापणी प्रयोग हेही शिकण्याचे साधन आहे. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस आणि सातारा जिल्ह्यातील बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांच्यात कापणीचा तुकडा केवढा असावा यावर गाजलेला वाद झाला. फार लहान तुकड्यात काठावरची झाडे आत धरली जाऊन उत्पन्न फुगते, असे सुखात्मे यांनी दाखवले. पीक विम्यात महसूल मंडळाचे सरासरी उत्पन्न उंबरठा उत्पन्नाशी, म्हणजे ज्याच्या खाली गेले तर भरपाई मिळते त्या ठरलेल्या उत्पन्नाशी, ताडून पाहतात. त्यामुळे नाल्याकाठचे वावर खरडून गेलेला शेतकरी मंडळाच्या मध्यात दिसेनासा होतो.

आकडे सांगून मिळाले की मोजून, हेही आकारातून उमगते. गावात घरोघर वय विचारून आयतालेख काढला तर ४०, ४५, ५०, ६० वर सुळके उभे राहतात, कारण वयस्कर माणसे ‘असन पन्नास-पंचावन’ असे सांगतात. हा गठ्ठा मोजायला व्हिपल निर्देशांक आहे. २३ ते ६२ वयांतील शून्य आणि पाचने संपणाऱ्या वयांवरून तो काढतात. गठ्ठा नसेल तर १०० येतो आणि सगळ्यांनी अशीच वये सांगितली तर ५००. त्याच गावातल्या अंगणवाडीच्या नोंदवहीत वयांचे असे सुळके दिसत नाहीत, कारण तिथे प्रत्येक लेकराची जन्मतारीख लिहिलेली असते.