नॉरफोकमधली ओस चर्चं आणि एका शब्दाचा घोळ

इंग्लंडच्या पूर्वेकडच्या नॉरफोक काउंटीत पडीक ऐतिहासिक वास्तूंचा विषय निघाला की बोलणं फिरून चर्चवरच येतं. मध्ययुगात बांधलेली साडेसहाशेहून जास्त चर्चं तिथे अजून उभी आहेत, आणि शंभरावर पडक्या अवस्थेत आहेत. लोकरीच्या व्यापारातला पैसा, जहागिरींचे लहान लहान तुकडे आणि प्रत्येक जहागिरदाराला हवं असलेलं स्वतःचं चर्च, यामुळे संख्या एवढी फुगली. रीपम गावात एकाच आवारात तीन चर्चं होती. दोन आजही आहेत, तिसरं १५४३च्या आगीत गेलं.

ही चर्चं ओस का पडली, याचं ‘१३४९च्या प्लेगने गावं ओस पाडली’ हे ठरलेलं उत्तर मला पटत नाही. प्लेगनंतरही बरीच गावं तगली होती. पुढच्या दोन-तीनशे वर्षांत शेतांची जागा मेंढ्यांच्या कुरणांनी घेतली आणि माणसं एकेक करून निघून गेली. अशाच गॉडविक गावाच्या जागी आज नुसतं कुरण आहे आणि त्यात चर्चच्या मनोऱ्याचा उरलेला भाग. बाकीचा मनोरा १९८१मध्ये कोसळला.

१९४२ची गोष्ट वेगळी. लष्करी सरावासाठी थेटफर्डच्या उत्तरेकडची सहा गावं तेव्हा रिकामी करण्यात आली. युद्ध संपलं की परत यायचं, या समजुतीने लोकांनी घरं सोडली. परतायला मात्र कुणालाच मिळालं नाही. घरं गेली, चर्चं राहिली. टॉटिंग्टन, वेस्ट टॉफ्ट्स इथली चर्चं आजही लष्करी हद्दीत आहेत आणि परवानगीशिवाय तिथे जाता येत नाही. या वास्तूंना कुणी ‘टाकून दिलेल्या’ म्हटलं की मला खटकतं. त्या हिरावून घेतलेल्या आहेत.

शब्दांचा खरा गुंता सुरू झाला तो १९६८मध्ये. त्या वर्षीच्या चर्च-कायद्याने, उपासनेसाठी गरज उरली नाही अशा इमारतीला ‘रिडंडंट’, म्हणजे ‘गरज नसलेली’, ठरवण्याची रीत घालून दिली. एकदा तसा शिक्का बसला की नवा उपयोग शोधायला तीन वर्षांपर्यंतची मुदत, आणि पुढे तीनच वाटा: दुसरा वापर, जतन करणाऱ्या निधीकडे सुपूर्द करणं किंवा पाडून टाकणं. कायद्याचा हेतू वाईट नव्हता. त्याआधी अशा इमारती कुणाच्याच खात्यावर नसल्यासारख्या झिजत होत्या आणि निदान निर्णय घ्यायची एक पद्धत तरी आली. पण शब्द चुकला. इंग्रजीत नोकरीवरून कमी केलेल्या माणसालाही हाच शब्द लावतात. रविवारी चारच माणसं येतात, ही गोष्ट भाविकांच्या संख्येची. आठशे वर्षांची भिंत मोलाची आहे की नाही, हा प्रश्न निराळा. एकाच शब्दाने दोन्हींचा निकाल लावला, आणि लोकांच्या मनात ‘उपासना बंद’ म्हणजे ‘इमारत फुकट’ असं समीकरण बसलं. ‘बेवारस’ हा शब्दही तितकाच चुकीचा, कारण यातल्या प्रत्येक वास्तूला कागदोपत्री मालक आहे. २०११च्या कायद्यात ‘नियमित सार्वजनिक उपासनेसाठी बंद’ असा लांबलचक पण प्रामाणिक शब्दप्रयोग आहे. बोलताना मात्र जुनाच शब्द तोंडी येतो.

‘रिडंडंट’ या शब्दाची सर्वांत मोठी झळ नॉरफोकमधल्या नॉरिच शहराला बसली. तिथल्या जुन्या तटबंदीच्या आत मध्ययुगीन चर्चं तीसेक. त्यांतली बहुतेक बंद करावीत, अशी शिफारस १९७०च्या आसपास एका आयोगाने केली. शहर हादरलं. १९७३मध्ये बंद चर्चांच्या देखभालीसाठी स्थानिक न्यास उभा राहिला आणि हळूहळू त्यांना नवे रहिवासी मिळाले. सेंट जेम्समध्ये आज कळसूत्री बाहुल्यांचं नाट्यगृह आहे, सेंट स्विदिन्समध्ये कलाकेंद्र.

शहरात हे जमलं. खेड्यात, एखाद्या शेताच्या कडेला, कोण कुठलं नाट्यगृह काढणार? तिथे ऱ्हास छपरापासून सुरू होतो. शिशाचे पत्रे चोरीला गेले की पाणी भिंतीच्या माथ्यावरून आत शिरतं. या भिंती चकमकीच्या दगडाच्या: बाहेर काचेसारखे काळे तुकडे, आत चुन्यात बसवलेली भर. हिवाळ्यात आतलं पाणी गोठलं की बाहेरचा थर सुटून येतो, आणि त्या फटींत आयव्ही या वेलीची मुळं शिरतात.

हाउटन-ऑन-द-हिलचं छोटं चर्च १९९२मध्ये असंच सापडलं. आयव्हीने इतकं गिळलेलं होतं की भिंती दिसत नव्हत्या. जवळच्या गावातल्या एका निवृत्त गृहस्थाने वेल तोडायला सुरुवात केली आणि पुढची कित्येक वर्षं तो तेच काम करत राहिला. काही वर्षांनी आतला गिलावा सुटून पडला. खाली अकराव्या शतकाच्या अखेरची मानली जाणारी भित्तिचित्रं होती, इंग्लंडमधल्या सर्वांत जुन्या चर्चचित्रांपैकी. इथली उपासना थांबली तेव्हा त्या गिलाव्याखाली काय आहे, याची कुणालाच कल्पना नव्हती.