चौफुलीची कपाशी आणि निकेलची पट्टी

आमच्या गावच्या ढोरांच्या दवाखान्यात कोपऱ्यात ॲल्युमिनियमचा एक कॅन असतो. झाकण काढलं की पांढरी वाफ खाली जमिनीकडे उतरते. गायी-म्हशींच्या कृत्रिम रेतनाच्या कांड्या त्यात उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवलेल्या असतात. एवढ्याच थंडीत आणखी एक पदार्थ करामत करतो: यिट्रियम, बेरियम, तांबं आणि ऑक्सिजन यांचं काळं सिरॅमिक. उणे १८१ अंशांच्या खाली गेलं की ते एकसारख्या वाहत्या विजेला अजिबात अडवत नाही. अतिवाहक म्हणतात ते हेच.

अतिवाहकता १९११ साली पाऱ्यात सापडली होती, पण त्यासाठी उणे २६९ अंशांपर्यंत जावं लागे आणि महागडं हेलियम लागे. १९८७ साली हे सिरॅमिक आलं आणि काम हवेतून काढलेल्या नायट्रोजनवर भागू लागलं. अडचण एकच: सिरॅमिक म्हणजे शेवटी खापर. खापराची तार कशी ओढणार? म्हणून धातूच्या पातळ पट्टीवर त्याचा जेमतेम एक-दोन मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थर चढवतात. कौतुक सगळं त्या थराचं होतं. माझ्या मते खरी कारागिरी खालच्या पट्टीत आहे.

कारण समजायला कपाशीच्या वावरात चला. चौफुलीच्या लागवडीत उभ्या-आडव्या काकरा पाडतात आणि जिथे त्या छेदतात त्या फुलीवर सरकी टोबतात. मग डवरा उभा जातो, आडवाही जातो. नुसत्या ओळी सरळ असल्या तर तो एकाच बाजूनं चालतो.

धातू असो की सिरॅमिक, आत बारीक बारीक स्फटिककण असतात आणि एरवी त्यांची तोंडं फेकून पेरल्यासारखी कुठेही असतात. तांब्याच्या तारेत त्यानं फारसं बिघडत नाही. या अतिवाहकात मात्र बिघडतं. शेजारच्या दोन कणांमधला कोन दहा अंशांच्या पुढे गेला की त्यांच्यामधल्या धुऱ्यावरून पार होणारा प्रवाह झपाट्यानं घसरतो. हे १९८८ मध्ये प्रयोगांतून दिसलं. म्हणजे पट्टी किलोमीटरभर लांब असो, तिच्यावरचे असंख्य कण चौफुलीत उभे हवेत.

१९९० च्या दशकात अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेनं यावर डोकेबाज उत्तर काढलं: सिरॅमिकला शिस्त लावत बसू नका, खालच्या निकेललाच लावा. निकेलचा ठोकळा रुळांखालून पुन्हा पुन्हा काढून त्याची जाडी ९५ टक्क्यांहून जास्त घटवायची, मग पट्टी हजार अंशांच्या आसपास तापवायची. लाटताना पिचलेले कण तापल्यावर नव्यानं जन्मतात, आणि त्यांतले घनाकृती, म्हणजे चौफुलीत बसणाऱ्या मांडणीचे कण बाकीच्यांना गिळत वाढतात. त्यावर चढवलेले ऑक्साइडचे मधले थर आणि मग अतिवाहक, सगळे खालचीच मांडणी गिरवतात.

पण शुद्ध निकेल मऊ पडतं, शिवाय ते चुंबकीय. प्रत्यावर्ती (एसी) प्रवाहात त्या चुंबकत्वापायी पट्टीतच ऊर्जा वाया जाते. म्हणून त्यात टंगस्टन घालतात, बहुधा शंभर अणूंमागे पाच. निकेल वितळतं १४५५ अंशांना आणि टंगस्टन, म्हणजे जुन्या बल्बमधली तार, ३४२२ अंशांना. दोन्ही एकत्र वितळवून ओतता येतात, पण गोठताना मिश्रण सगळीकडे सारखं राहीलच असं नाही. त्यापेक्षा दोन्हींची भुकटी मिसळायची, चहूबाजूंनी दाबून ठोकळा करायचा आणि हायड्रोजनच्या वातावरणात, न वितळवता, कण एकमेकांना चिकटेपर्यंत भाजायचा. हायड्रोजन कणांवरचा ऑक्साइडही ओढून नेतो. हीच चूर्ण धातुविद्या.

खरी गंमत पुढे आहे. टंगस्टन नऊ-दहा टक्क्यांवर नेलं की नायट्रोजनच्या थंडीतही चुंबकत्व जवळपास संपतं, पट्टी मजबूत होते. पण चौफुली मोडते, घनाकृती कण नीट वाढतच नाहीत. यावर संशोधकांनी जे केलं ते आमच्या घरच्या बायांना सांगायला नको: पुरणपोळी. साच्यात खाली-वर कमी टंगस्टनची भुकटी, मध्ये जास्त टंगस्टनची. दाबा, भाजा, लाटा. सारण ताकद देतं, पारी चौफुली राखते. भुकटीमुळे असे थर रचणं सोपं जातं.

अशी चार मिलिमीटर रुंद फीत द्रवरूप नायट्रोजनमध्ये शंभर अँपियरहून जास्त प्रवाह वाहून नेऊ शकते. आपली पाच एचपीची थ्री फेज मोटर एका फेजला सात-आठ अँपियर ओढते, त्यावरून अंदाज करा. अर्थात आज बऱ्याच कंपन्या दुसऱ्या वाटेनं जातात: पट्टी साधी ठेवून वरच्या ऑक्साइडच्या थरातच आयनांच्या झोतानं मांडणी घडवतात. स्पर्धा अजून मिटलेली नाही.

हे सगळं पारावर सांगितलं तर शेजारचे काका म्हणाले, "मंग मास्तर, ह्या पट्टीनं आमच्या मोटरीले दिवसा लाइन येईन का?"

नाही येणार. चंद्रपूरहून मुंबईकडच्या पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटरची उच्चदाब वाहिनी १९९९ पासून साध्याच तारांवर चालते आहे. एवढ्या लांबीची अतिवाहक तार सतत उणे १९६ अंशांवर ठेवायची तर वाटेत जागोजागी थंड करण्याची यंत्रं बसवावी लागतील. दाट शहरात, जिथे जमिनीखाली जागा कमी आणि प्रवाह मोठा, तिथे तिचा हिशेब जमतो. काकांची मोटर रात्री चालते ती वेळापत्रकामुळे, तारेच्या रोधामुळे नाही.