जनुक बंद केले, तरी आतडे तयार

डाळिंबाच्या मुळांवर गाठी आणणारा सूत्रकृमी आपल्याकडच्या शेतकऱ्याच्या चांगलाच ओळखीचा. त्याचा एक निरुपद्रवी भाऊबंद, सीनोऱ्हॅब्डायटिस एलिगन्स, कुजक्या फळांवरचे जिवाणू खाऊन जगतो. लांबी जेमतेम १ मिलिमीटर, अंग काचेसारखे पारदर्शक. प्रौढ उभयलिंगी कृमीत कायिक पेशी मोजून ९५९. त्याचा जीनोम १९९८मध्ये वाचला गेला. बहुपेशीय प्राण्यांत हा मान त्याचा पहिला. प्रथिने बनवणारी जनुके सुमारे २०,००० आहेत आणि त्यांतल्या ९००हून अधिक जनुकांचे काम म्हणजे इतर जनुकांना चालू-बंद करणे. या जनुकांच्या प्रथिनांना प्रतिलेखन घटक म्हणतात.

कोण कोणाला चालू करतो, याचे जाळे नीट उलगडलेले पाहायचे तर या कृमीचे आतडे घ्यावे. सगळे आतडे २० पेशींचे, आणि त्या सगळ्या एकाच पेशीच्या लेकी. ८ पेशींच्या गर्भातल्या त्या पेशीचे नाव ‘ई’, तिच्या बहिणीचे ‘एमएस’.

सुरुवात आईपासून होते. अंड्यात आईनेच भरून ठेवलेला स्किन-१ हा घटक मेड-१ आणि मेड-२ यांना जागे करतो. ते एंड-३ आणि एंड-१ यांना, आणि हे दोघे एल्ट-७ व एल्ट-२ यांना. एल्ट-२ एकदा चालू झाला की स्वतःलाच चालू ठेवतो, म्हणून वरचे सगळे निघून गेले तरी आतडे जन्मभर आतडेच राहते. आतड्यात चालणाऱ्या बहुतेक जनुकांच्या अलीकडे डीएनएची टीजीएटीएए ही सहा अक्षरे सापडतात. एल्ट-२ नेमका तिथेच बसतो.

मग एमएसचे आतडे का होत नाही? स्किन-१ तर तिच्यातही असतो. कारण पॉप-१ नावाचा घटक तिच्यात एंड जनुकांना दाबून धरतो. ‘ई’ ज्या बाजूला जन्मते त्या बाजूला शेजारची पी२ पेशी टेकलेली असते. तिच्या इशाऱ्याने ‘ई’च्या केंद्रकातला पॉप-१ कमी होतो आणि उरलेला उलट मदतीला लागतो. पॉप-१ काढून टाकला तर एमएससुद्धा आतडे बनवू लागते.

खरी गंमत पुढे आहे. एंड-१ एकटा बिघडवला तर आतडे जवळजवळ ठाकठीक होते. एंड-३ एकटा बिघडवला तर थोड्याच गर्भांत आतडे हुकते. दोन्ही गेले की आतडे नाहीच. म्हणजे ‘जनुक बंद केले, काही झाले नाही’ यावरून ‘त्या जनुकाला काम नाही’ असे म्हणणे साफ चूक. स्किन-१ गेल्यावर तर सुमारे ३० टक्के गर्भ तरीही आतडे बनवतात, बाकीचे नाही; तेही जनुके तीच आणि तापमान तेच असताना. आरएनएचे, म्हणजे चालू जनुकाच्या प्रतींचे, रेणू एकेक करून मोजले तेव्हा कारण कळले. एंड-१चे प्रमाण गर्भागणिक कमालीचे कमी-जास्त होते, आणि एल्ट-२ मात्र दिव्याच्या बटणासारखा: ठरावीक पातळी ओलांडली तर पूर्ण चालू, नाहीतर पूर्ण बंद. अर्धे आतडे असा प्रकार सहसा नाहीच.

हे बंद करण्याचे काम प्रयोगशाळेत चक्क खाऊ घालून होते. १९९८मध्ये अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी दुहेरी आरएनएने जनुक गप्प करता येते हे दाखवले. २००६मध्ये त्यांना नोबेल मिळाले. हव्या त्या जनुकाचा तुकडा एल४४४० नावाच्या प्लाझ्मिडमध्ये (जिवाणूत मावणाऱ्या डीएनएच्या छोट्या कड्यात) घालून तो एचटी११५ जिवाणूत ठेवतात. दुहेरी आरएनए कापणारे एक विकर या जिवाणूत नसते, म्हणून माल शाबूत राहतो. अगर प्लेटमध्ये १ मिलिमोलर आयपीटीजी (जिवाणूला दुहेरी आरएनए बनवायला लावणारे रसायन) आणि दर मिलिलिटरला २५ मायक्रोग्रॅम कार्बेनिसिलिन (प्लाझ्मिड नसलेल्या जिवाणूंना मारणारे प्रतिजैविक). रात्रभर वाढवलेले जिवाणू थेंबभर टाकायचे, प्लेट सुकू द्यायची, आणखी एक रात्र तशीच ठेवायची. मग चौथ्या अवस्थेतल्या अळ्या सोडायच्या. पोटाच्या मध्यावर फिकट अर्धचंद्र दिसतो तीच ही अवस्था. साधारण दिवसाने आया नव्या प्लेटवर, तिथे काही तास अंडी घालू द्यायची आणि आयांना काढून टाकायचे. २४ तासांनी जी अंडी फुटली नाहीत ती मेलेली. ध्रुवित प्रकाशात आतड्याचे कण चांदण्यांसारखे चमकतात. मेलेल्या गर्भात ती चमक नसेल तर आतडेच झालेले नाही.

बिघडते ते बहुधा क्षुल्लक गोष्टींनी. जुन्या, उजेडात ठेवलेल्या प्लेटमधला आयपीटीजी निकामी होतो. ॲम्पिसिलिन लवकर विरते आणि प्लाझ्मिड टाकून दिलेले जिवाणू माजतात, म्हणून कार्बेनिसिलिन बरे. दोन जनुके एकदम बंद करायला दोन जिवाणू मिसळले की दोन्हींचा जोर ओसरतो. त्यापेक्षा एका जनुकाचा उत्परिवर्तित वाण घेऊन दुसरे खाऊ घालावे. मेड-१ आणि मेड-२ इतके सारखे की एकाचा आरएनए दुसऱ्यालाही गाठतो. चेतापेशी तर या उपायाला सहसा दादच देत नाहीत. म्हणून प्रत्येक खेपेला एक प्लेट रिकाम्या एल४४४०ची आणि एक अंक-२२ या जनुकाची हवी (नावात आकडा दोनदा आल्यासारखा वाटतो, पण हा ‘अंक’ इंग्रजीतल्या ‘ताळमेळ नसलेली चाल’ अशा अर्थाच्या शब्दाचा तुकडा आहे). अंक-२२ बंद झाला की कृमी थरथरतो. थरथरला नाही तर त्या दिवशीचे बाकी निकाल फेकून द्यावेत.

कोणता घटक डीएनएवर कुठे बसतो हे शोधण्याच्या वेगळ्या पद्धती आहेत. २००६मध्ये यीस्टच्या साहाय्याने पचनमार्गातल्या ७२ जनुकांच्या प्रवर्तकांवर (जनुकाअलीकडच्या, ते चालू-बंद करणाऱ्या डीएनएवर) ११७ प्रथिने बसताना सापडली, नाती २८३. पण यीस्टमध्ये बसले म्हणजे कृमीत हुकूम चालला असे नव्हे. एकाच तुकड्यावर डझनावारी घटक गर्दी करतात अशाही जागा आहेत, आणि त्या गर्दीतला कर्ता कोण हे जनुक बंद केल्याशिवाय कळत नाही.

शिवाय कृमीचे वाण सारखे नसतात. वरची ३० टक्क्यांची गोष्ट इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या एन२ वाणाची. निसर्गातून आणलेल्या इतर वाणांत स्किन-१ शिवाय आतडे होण्याचे प्रमाण खूप वेगवेगळे निघते. तिथेही एक फसगत आहे. हवाईचा सीबी४८५६ वाण अंक-२२च्या प्लेटवर छान थरथरतो, पण प्रजनन पेशींत आरएनएने जनुक गप्प होण्यासाठी लागणारे पीपीडब्ल्यू-१ हे जनुक त्याच्यात बिघडलेले असल्याने आईकडून येणारा स्किन-१ खाऊ घालून नीट बंदच होत नाही. अशा वाणासाठी तिसरी प्लेट लावायची, पॉस-१ची; हे जनुक बंद झाले की गर्भ मरतात. तिच्यावरची अंडी भराभर फुटून अळ्या बाहेर आल्या, तर आतडे शाबूत दिसले याचा अर्थ एवढाच की आरएनए अंड्यापर्यंत पोचला नव्हता.